चार बारीक तारा

आमच्या घरात सगळे मोठ्यानं बोलायचे. आप्पा सुरतेत उधन्याच्या एका मागाच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करून यायचे आणि मागांची खडखड त्यांच्या कानांत पुढचा तासभर तरी मुक्कामाला असायची. आईनं साध्या आवाजात विचारलेलं त्यांना ऐकूच जायचं नाही. पण माग बिघडायच्या आधी त्याच कानांना कळायचं. आठ माग एकाच वेळी चालू, त्यांच्या पलीकडे आणखी कित्येक, आणि त्या गदारोळात पाचव्या मागाचा धोटा पेटीत नीट बसत नाही हे आप्पा दोन ओळी पलीकडून ओळखायचे. कसं ओळखता, असं मी लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "ठोका बदलस." एवढंच. मी पुढं चाळीस वर्षं यंत्रं शिकलो आणि शिकवली. या दोन शब्दांकडे परत यायला मला फार उशीर लागला.

सुरतेतला मराठी माणूस म्हणजे बहुतेक खानदेशी. सुरत ते भुसावळ ही ताप्ती व्हॅली लाइन आम्हाला इकडे घेऊन आली. बारडोली, व्यारा, मग नवापूर. त्या स्टेशनाचा अर्धा फलाट गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात. पुढं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. आजोबांनी अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये काही वर्षं काम केलं होतं, म्हणून आप्पांना सुताची भीती नव्हती. लिंबायतमध्ये एका खोलीचं घर, महापालिकेची मराठी शाळा, घरात अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, गल्लीत गुजराती. समोरच्या खोल्यांत गंजाम जिल्ह्यातून आलेले ओडिया कारागीर राहायचे. दिवसपाळीचे लोक उठले की त्याच अंथरुणांवर रातपाळीचे झोपायचे.

१९८३ साली मला सरदार वल्लभभाई पटेलांच्या नावाच्या रीजनल इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश मिळाला. आता ती एनआयटी आहे. तेव्हा सुरतेत सगळे तिला एसव्हीआर म्हणायचे. १९६१ साली निघालेलं कॉलेज, इच्छानाथपाशी, डुमस रस्त्यावर. तिथं पहिल्यांदा मला कळलं की आप्पा ज्याला ठोका म्हणतात त्याला कंपन म्हणतात, त्याला समीकरण असतं, आणि ते समीकरण सोडवलं की मार्क मिळतात. मार्क मला चांगले मिळाले. समीकरण आणि ठोका ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत, हे मात्र मला वर्गात कुणी सांगितलं नाही. मीही घरी जाऊन आप्पांना सांगितलं नाही.

१९८८ मध्ये मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात लेक्चरर झालो. दोन-तीन वर्षांत रोबोटिक्स हा विषय अभ्यासक्रमात आला आणि तरुण म्हणून माझ्याकडे आला. कॉलेजात रोबोट नव्हता. मी स्वतःही तोवर एकही रोबोट पाहिला नव्हता. डेनाव्हिट आणि हार्टेनबर्ग या दोघांनी १९५५ साली मांडलेली पद्धत मी खडूनं फळ्यावर शिकवायचो. प्रत्येक सांध्याला चार आकडे द्यायचे, आकड्यांचे मॅट्रिक्स एकमेकांना गुणत जायचं, शेवटी हाताचा पंजा हवेत नेमका कुठं आहे ते निघतं. फार सुंदर गणित आहे ते, आजही मला वाटतं. पण मुलांच्या चेहऱ्यावर दिसायचं की हात फळ्यातून बाहेर येत नाहीये. मग भंगारातून जुन्या प्रिंटरांच्या स्टेपर मोटरी आणल्या, प्लायवूड कापलं, आणि पाच मुलांनी दोन महिन्यांत तीन सांध्यांचा हात उभा केला. तो खडूचा तुकडा उचलायचा. दर चार प्रयत्नांत एकदा उचलायचा, पण ज्या दिवशी पहिल्यांदा उचलला त्या दिवशी वर्गात जो आवाज झाला तो मला अजून आठवतो.

आप्पांना मी तो हात दाखवायला आणलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, हे माणसाच्या जागी उभं राहणार का? मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. रोबोट हा शब्दच चेक भाषेतल्या वेठीच्या कामावरून आला आहे, कारेल चापेकच्या १९२० सालच्या नाटकातून, आणि वेठीतून माणूस सुटावा म्हणूनच ही यंत्रं, असं काहीसं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना वेठीची व्युत्पत्ती नको होती. महिन्याला घरी जे पैसे येतात त्यांचं काय होईल, हे विचारायचं होतं. तेव्हा मला ते उत्तर देता आलं नाही, आणि त्या प्रश्नानं माझी पुढची सगळी वाट ठरवली असं मला वाटतं.

१९९४ च्या पावसाळ्यात क्यूआयपीतून पीएचडी करायला मी पवईला आयआयटीत गेलो. नोकरी टिकवून शिकता यावं म्हणून शिक्षकांसाठी ही योजना आहे, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांना तिनंच वर काढलं. मी गेलो आणि सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली. आई, आप्पा, बहीण भुसावळकडच्या गाडीत कसेबसे चढून गावाला गेले. मी वसतिगृहातल्या फोनपाशी दोन रात्री बसून होतो. त्या वर्षाबद्दल एवढंच लिहितो.

पवईला माझा विषय होता लांब, हलक्या रोबोटबाहूची थरथर. बाहू हलका केला की वेग मिळतो, पण थांबवल्यावर तो थरथरत राहतो. त्या थरथरीला आवर घालायला बाहूवर पिझोसिरॅमिकच्या चकत्या चिकटवायच्या. दाबलं की वीज देणारे आणि वीज दिली की आकार बदलणारे हे पदार्थ. त्यांचा पहिला गुणधर्म ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधला, उलटा गुणधर्म पुढच्याच वर्षी सिद्ध झाला. माझ्या चकत्या नखाएवढ्या होत्या. एक चकती थरथर ऐकायची, दुसरी ती मोडून काढायची. स्मार्ट मटेरियल हे नाव मला कधी फारसं आवडलं नाही. पदार्थ हुशार नसतो. तो ताणाला, उष्णतेला, विजेला प्रामाणिकपणे उत्तर देतो. त्या उत्तराचा उपयोग करून घेण्यात हुशारी असते.

तिथंच ग्रंथालयात निटिनॉलची गोष्ट वाचली. निकेल आणि टायटॅनियम जवळजवळ समसमान अणू घेऊन केलेला हा मिश्रधातू. नावातली पहिली अक्षरं निकेल-टायटॅनियमची, उरलेली अमेरिकेच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीची. तिथला धातुतज्ज्ञ विल्यम ब्यूलर १९५९ च्या सुमारास वितळवून ओतलेल्या कांड्या तपासत होता. थंड झालेली कांडी जमिनीवर पडली तर बद्द आवाज, गरम कांडी पडली तर घंटेसारखा खणखणीत. एकच धातू, दोन आवाज. तो तिथं थांबला. आत स्फटिकांची मांडणी तापमानाबरोबर बदलते, थंडीत ती मऊ असते आणि कंपन गिळते, उष्णतेत ताठ होते आणि घुमते, हे त्या आवाजातून कळायला लागलं. पुढं एका बैठकीत घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत असताना एका अधिकाऱ्यानं पाइप पेटवायच्या लायटरची ज्योत तिला लावली आणि पट्टी आपोआप सरळ झाली. सगळीकडे ही लायटरची गोष्ट सांगितली जाते. मला आवाजाची जास्त महत्त्वाची वाटते. त्या रात्री मी ग्रंथालयातून खाली येऊन आप्पांना पत्र लिहिलं, ठोका बदलण्यावरून एका अमेरिकन माणसानं काय शोधलं ते. पत्र बहिणीनं वाचून दाखवलं. आप्पा म्हणाले म्हणे, "मंग, कान लागतसच."

परत आल्यावर मी निटिनॉलच्या तारेचं काम धरलं. केसाच्या दोन-तीन पट जाडीची तार. तिच्यातून वीज सोडली की ती तापते आणि चार टक्के आखडते, थंड झाली की स्प्रिंग तिला परत लांब करते. मोटर नाही, गिअर नाही, आवाज नाही. ०.२ मिलिमीटरची तार अर्ध्या किलोहून जास्त वजन ओढते. स्नायूच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नव्हतं. तार परदेशातून यायची. अर्ज, मंजुरी, कोटेशन, पुन्हा मंजुरी, कस्टम, यात एकदा अकरा महिने गेले आणि आली ती पाच मीटर. आम्ही ती सोन्यासारखी कापायचो. विद्यार्थ्यांना मी सांगायचो, आधी वाया जाईल अशी स्टीलची तार घेऊन हात बसवा.

ऑगस्ट २००६ मध्ये तापी शहरात शिरली. उकाईचं पाणी सोडलं, वरून पाऊस, आणि बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. आमची लॅब तळमजल्यावर होती. पाणी उतरल्यावर दार उघडायला चार माणसं लागली, इतका गाळ आत साठला होता. कंट्रोलर, सर्व्हो मोटरी, दोन कॉम्प्युटर, आठ वर्षांच्या नोंदवह्या, सगळ्यांवर एकच तपकिरी लेप. नोंदवह्या उन्हात वाळवायचा प्रयत्न केला, पानं एकमेकांना चिकटून विटा झाल्या. मला तेव्हा रडू आलं, आणि ते मुलांसमोर आलं. संध्याकाळी एका विद्यार्थ्यानं टेबलाच्या खणातून गाळाचा गोळा काढला. त्यात तारेचा जुडगा होता, वेडावाकडा झालेला. कँटीनवाल्यानं कुठून तरी चुलीवर पाणी तापवलं होतं. पोरानं जुडगा धुतला आणि त्या पाण्यात सोडला. तार सरळ झाली. टायटॅनियमच्या ऑक्साइडचा पातळ थर या धातूला गंजू देत नाही, हे मला माहीत होतं, मी ते शिकवत होतो. तरी त्या दिवशी ते पाहून जो धीर आला तो पुस्तकातल्या वाक्यानं आला नसता. पुढचं काम आम्ही तिथून सुरू केलं.

आणि आता काकांविषयी.

काका म्हणजे आप्पांच्या कारखान्यातले फिटर, आप्पांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मुलांसमोर मला सर म्हणायचे, घरी भाऊ. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी मधल्या सांध्यापासून गेली होती. पट्टा आणि कप्पी यांच्यामध्ये, एका रातपाळीत. भरपाईचं काय झालं ते मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की ते त्याच महिन्यात परत कामावर गेले. ताण्याचा धागा तुटला की टोक शोधायचं, गाठ मारायची, हुकानं मागाच्या वहीतून आणि फणीतून ओढून घ्यायचं. हे काम तर्जनी आणि अंगठ्याचं. काकांनी ते मधल्या बोटावर आणलं होतं, पण हात लवकर दुखायचा. २००९ साली आप्पांच्या वर्षश्राद्धाला ते आले होते. पंगतीत त्यांचा हात बघत असताना माझ्या मनात आलं की आपण इतकी वर्षं कुणासाठी बोट बनवतो आहोत?

बोट बनवलं. ॲल्युमिनियमच्या दोन पेरांचं, बाकी तर्जनीवर टोपणासारखं बसणारं, तार मनगटावरच्या पट्ट्यावर. हिशेब सरळ होता. पंधरा सेंटिमीटर तार चार टक्के आखडली की सहा मिलिमीटर मिळतात. पाच मिलिमीटर त्रिज्येच्या कप्पीवर तेवढ्यात सांधा सत्तर अंशांच्या आसपास वळतो. मात्र बोटाच्या टोकाशी पोचेपर्यंत जोर सत्तर ग्रॅमच्याही आत येतो. पेला उचलायला तो पुरत नाही, पण सुताचं टोक धरायला पुरतो, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. लॅबमध्ये बोट सेकंदात मिटायचं, तीनेक सेकंदांत उघडायचं. आम्ही शेकडो वेळा मोजलं होतं.

मे महिन्यात दुपारी तीन वाजता काकांच्या कारखान्यात घेऊन गेलो. वर पत्रे, खिडक्या बंद, कारण वारा आला की सूत उडतं. माझ्याबरोबर दोन विद्यार्थी होते, त्यांना त्या आवाजात एकमेकांशी खाणाखुणांनी बोलावं लागत होतं. एक माग बंद करून काकांनी बोट चढवलं, बटण दाबलं, धाग्याचं टोक धरलं. चेहऱ्यावर हसू आलं. मग सोडायला गेले तर बोट उघडेना. आम्ही मोजलेले तीन सेकंद एसीच्या चोवीस अंशांतले होते. इथं बेचाळीस अंश, हवा ठप्प, तारेची उष्णता जाणार कुठं? ती सावकाश, फार सावकाश थंड होत होती. शेजारचा माग चालू होता. मला एकदम जाणवलं, हा धागा चालत्या मागाचा असता तर? घाम फुटला. काकांनी शांतपणे डाव्या हातानं बोट उपसून काढलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "धरस बेस. पन सोडत नही."

माझ्या क्षेत्रातली ही जुनी अडचण आहे, तिच्यावर ढीगभर निबंध आहेत. तार तापवणं सोपं, हवी तेवढी वीज सोडा. थंड करणं आपल्या हातात नसतं. कुणी पंखा लावतं, कुणी तेलात बुडवतं, कुणी उलट बाजूला दुसरी तार बसवतं. मी बाहेर चहाच्या टपरीवर विद्यार्थ्यांना हे सगळं समजावत होतो. काका ऐकत होते. बशीतला चहा संपवून त्यांनी विचारलं, "सर, जाड एकच तार कसाले? आमना सूतमा पाहा ना."

सुरतेत पॉलिएस्टरच्या धाग्याची ओळख दोन आकड्यांनी होते. पंचाहत्तर-छत्तीस म्हणजे पंचाहत्तर डेनियरच्या एका धाग्यात छत्तीस बारीक तंतू. तेवढ्याच जाडीचा एकच तंतू काढला तर तो मासे धरायच्या दोरीसारखा ताठ होतो. बारीक तंतूंचा जुडगा मऊ पडतो, घाम लवकर ओढतो, लवकर वाळतो. काकांनी आयुष्यभर हाताळलेली गोष्ट. चार बारीक ल्या, ते म्हणाले, लवकर वाळतीन. त्यांनी वाळतीन हाच शब्द वापरला.

मी खिशातला कागद काढला. ०.२ मिलिमीटरच्या एका तारेचं क्षेत्रफळ ०.१ मिलिमीटरच्या बरोबर चार तारांएवढं. म्हणजे जोर तोच. पण चार तारांचा हवेला लागणारा पृष्ठभाग दुप्पट. एका तारेला थंड व्हायला तीन सेकंद लागत असतील तर बारीक तारेला सेकंदभर. हे समजायला पीएचडी लागत नाही, दहावीचं गणित पुरतं. निबंधांतून अशा जुडग्यांचा उल्लेखही होता, मी तो वाचूनही पुढं गेलो होतो, कारण लॅबमध्ये मला त्याची गरज भासली नव्हती. लॅबमध्ये एसी होता.

चार तारा सारख्या ताणाच्या बसवणं हे पुढचं संकट. एक सैल राहिली की बाकीच्या तिघींवर भार येतो आणि त्या लवकर मरतात. आमच्याकडे ताण मोजायचं उपकरण होतं, पण एवढ्या बारीक तारेला ते स्वतःच ओढ लावायचं. काका रविवारी लॅबमध्ये यायला लागले. ते नखानं एकेक तार छेडायचे आणि कान जवळ न्यायचे. मी ऑसिलोस्कोप लावून पाहिलं, त्यांनी जुळवलेल्या चार तारांच्या कंपनसंख्या एकमेकींच्या अगदी लगत होत्या. तारेच्या ताणाचं आणि तिच्या सुराचं समीकरण मी १९८४ साली परीक्षेत लिहिलं होतं. आप्पा तेव्हा लिंबायतच्या घरात माझ्या समोर बसून जेवत होते.

सहा महिने लागले. मधे दोनदा तारा तुटल्या, एकदा टोकाची पकड ढिली पडली. तारेच्या टोकाला झाळ बसत नाही, दाबून धरावं लागतं, आणि ती दाबणी काकांनी सायकलच्या स्पोकच्या निपलमधून काढून दिली. मग बोट स्टँडवर चढवलं आणि एक लाख वेळा मिटवलं, उघडलं. एका फेरीला चार सेकंद, म्हणजे साडेचार दिवसांहून थोडं जास्त. लॅबमध्ये मुलं पाळ्या लावून झोपली, तीही बारा-बारा तासांच्या. पुढच्या मेमध्ये त्याच कारखान्यात, त्याच मागावर काकांनी टोक धरलं आणि सोडलं. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. मी मोजत होतो आणि कितव्या वेळी मोजणं सुटलं ते कळलं नाही.

बोट त्यांनी रोज वापरलं असं मी म्हणणार नाही. बॅटरी तीन तासांत उतरायची, दिलेल्या विजेतली काही टक्केच कामाला लागते, बाकीची उष्णता होते, आणि मनगटावरचा पट्टा उन्हाळ्यात चावायचा. काका दुपारपर्यंत लावायचे आणि मग डब्यात ठेवायचे. या उणिवा दूर करायला नवे विद्यार्थी काम करत आहेत.

त्या कामावरचा पहिला निबंध मी घाईनं पाठवला होता. त्यात माझं नाव होतं, दोन विद्यार्थ्यांची होती, आभारात अनुदान देणाऱ्यांचं होतं. काकांचं कुठंच नव्हतं. छापून आल्यावर एका विद्यार्थिनीनं, तीही लिंबायतचीच, माझ्या केबिनमध्ये येऊन विचारलं, "सर, चार तारा कुणी सांगितल्या ते यात कुठं आहे?" मी तिला उत्तर दिलं नाही. मला खरंच लाज वाटली, आणि ती लाज बरेच दिवस गेली नाही.

दुसरा निबंध, तारा सुरावरून जुळवण्याच्या पद्धतीवरचा, आम्ही एका परिषदेला पाठवला. लेखकांच्या यादीत काकांचं नाव तिसरं घातलं. फॉर्म प्रत्येक लेखकाची संस्था विचारत होता, ती जागा मोकळी ठेवली तर पुढं जात नव्हता. मी काकांना फोन लावला. मागे माग चालू होते. दोनदा ओरडून विचारावं लागलं, तुमच्या नावापुढं काय लिहू? ते म्हणाले थांब भाऊ, आणि बाहेर आले, आवाज कमी झाला. जरा विचार करून त्यांनी आधी गावाचं नाव सांगितलं, तालुका अमळनेर. मग म्हणाले, नको, उधना लिही, काम आठेच करेल शे.

मी उधना, सुरत असं लिहिलं. फॉर्म पुढं गेला.